वारली चित्र आणि चौरस फुटाचा दर

उड्डाणपुलाचे खांब, स्टेशनचे जिने, रिक्षाची मागची बाजू, अंगणवाडीची भिंत, ओढण्या, उशांचे अभ्रे, लग्नपत्रिका, आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये हौसेने गेरूच्या रंगात रंगवून घेतलेली एक भिंत. महाराष्ट्रात वारली चित्र कुठे दिसत नाही, हेच शोधावे लागेल. ते इतके सर्वत्र का झाले असे विचारले, की 'सुंदर आहे म्हणून' हे उत्तर ठरलेले. पण सुंदर तर सावंतवाडीची गंजिफा आहे आणि पिंगुळीची चित्रकथीही आहे. त्या दोन्ही कोकणातच राहिल्या आणि वारली चित्र घराघरांत शिरले. म्हणजे कारण सौंदर्याखेरीज आणखी कशात तरी असले पाहिजे.

गंजिफेचा दशावतारी संच १२० गोल पत्त्यांचा. चिंचोक्याची खळ, खडूचा थर, लाखेचा लेप आणि प्रत्येक पानावर बारीक कुंचल्याचे काम. हात बसायलाच वर्षे जातात, त्यामुळे नक्कल करू म्हणणारा पहिल्या दहा पानांतच नाद सोडतो. चित्रकथीची अडचण निराळी. ठाकर कलावंत वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने कथा सांगतो आणि एकेक चित्र पुढे धरतो. सांगणारा नसेल तर चित्र अर्धेच राहते. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, पण म्हणून चित्रकथी चहाच्या कपांवर आली नाही. पुरस्काराने मान मिळतो, प्रसार त्याने होतोच असे नाही.

वारली चित्राला यातली एकही अडचण नव्हती. टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर एक गोल, चार रेघांचे हातपाय, रंग एकच. चौथीतल्या मुलाला ते अर्ध्या तासात जमते, निदान जमल्यासारखे वाटते. भिंतीवरून कागदावर, कागदावरून कापडावर, कापडावरून मोबाइलच्या पडद्यावर नेताना फार काही हरवल्यासारखे वाटत नाही. आणि ते कशासाठी काढले होते हे ठाऊक नसले तरी पाहणाऱ्याचे अडत नाही. सोपी नक्कल, बदलता येणारी जागा आणि प्रसंगावाचून चालणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की कोणतीही वस्तू लोकप्रिय व्हायला वेळ लागत नाही.

यात तक्रारीचे काय, असे कोणी म्हणेल. तक्रार अशी, की या प्रत्येक पायरीवर एकेक माणूस गळत गेला, आणि शेवटची पायरी आता सरकारी पैशाने बांधली जाते आहे. बाजाराला आवर घालता येणार नाही, घालूही नये. पण पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या, रेल्वेच्या पैशाने भिंतीवर वारली चित्र काढायचे असेल तर ते वारली चित्रकारांनीच काढावे, त्यांच्या नावाने काढावे आणि त्याचा दर चौरस फुटावर ठरू नये.

आधी मूळ काम काय होते ते पाहू. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यातल्या पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचा कूड असतो, त्यावर शेणामातीचा लेप. लग्न ठरले की त्या भिंतीवर गेरू फासायचा. तांदूळ भिजवून वाटायचे, पाण्यात सैलसर कालवायचे, बांबूची काडी घेऊन तिचे टोक दातांनी चावायचे, की झाला कुंचला. चौक, म्हणजे लग्नाचे चौकटीतले चित्र, लिहिणे हे सवाशिणींचे काम. आधी चौकट, तिच्या चारी कडांना नक्षीचे पट्टे, मधोमध पालघाट देवी, आसपास सूर्य, चंद्र, शिडी, फणी. शेजारी छोटा देवचौक, त्यात पाच शिरांचा देव पंचशिऱ्या. लग्न लावते ती धवलेरी, तीच गाणी म्हणते. ती बाईच असते. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

तांदळाची पिठी ओली असताना जवळजवळ पारदर्शक दिसते, पांढरेपणा वाळल्यावर चढतो. म्हणून नवखा हात दोनदा-तीनदा गिरवतो आणि वाळल्यावर रेघ जाडजूड होते. सरावलेली बाई रेघ एकदाच ओढून पुढे जाते. या पिठीत डिंक नसला तर काही महिन्यांत ती झडते, पण त्याचे दुःख कोणाला नव्हते. चित्र त्या लग्नापुरते होते. पुढच्या लग्नाला नवा लेप, नवा चौक.

या लग्नांच्या मागे दुसराही एक इतिहास आहे, तो ओढणीवर येत नाही. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घेतलेला वारली त्याचा 'लग्नगडी' होत असे, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत नवराबायको दोघे त्याच्याकडे राबायला बांधलेले. ते कर्ज सहसा फिटतच नसे. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. 'निसर्गाशी एकरूप झालेले साधेभोळे आदिवासी' अशी चित्राखालची पाटी लिहिणाऱ्यांनी एवढे तरी वाचलेले असावे.

बदल झाला तो सत्तरच्या दशकात. बिहारमध्ये १९६६-६७ च्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना कागद देऊन चित्रे विकत घेण्याचा प्रयोग सरकारी हस्तकला मंडळाने केला होता. त्या कामावर गेलेले भास्कर कुलकर्णी पुढे डहाणू भागात आले. त्यांनी इथेही कागद आणि रंग पुढे केले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागद हातात घेतला आणि मग खाली ठेवलाच नाही. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. म्हसे यांनी नुसता चौक कागदावर उतरवला नाही. चौकट सोडून दिली आणि मासेमारीचे जाळे, वारुळातल्या मुंग्या, रोजचे शेत यांना चित्राचा विषय केले. त्यांची रेघ बारीक तुटक ठिपक्यांची असे, त्यामुळे जाळे खरेच हलल्यासारखे दिसते. हे एका मोठ्या चित्रकाराचे काम आहे, 'लोककला' म्हणून त्याला निनावी खात्यात टाकणे हा अडाणीपणा झाला.

पण कागदाबरोबर दोन गोष्टी घडल्या. पहिली, काम पुरुषांकडे गेले. लग्नाचा विधी बायकांचा होता. विक्री, प्रवास, शहरातला व्यवहार हे पुरुषांचे ठरले. आज नावाजलेल्या चित्रकारांत बायका थोड्या आहेत. दुसरी, चित्र टिकवावे लागले. कागद गुंडाळला की बिनडिंकाची पिठी पापुद्र्याने सुटते, आणि नुसता कालवलेला गेरू हाताला लागतो. म्हणून डिंक आला, मग पांढरा पोस्टर कलर, मग कापडावर अॅक्रिलिक. यात पावित्र्य गेले म्हणून गळा काढायचे कारण नाही. विकणाऱ्याला टिकाऊ माल द्यावाच लागतो.

पुढची पायरी नकलेची. इथे थोडे जवळ जाऊन बघायला हवे, कारण खरे आणि नकली यातला फरक एकदा कळला की मग तो प्रत्येक खांबावर दिसतो.

ठेकेदाराचा रंगारी स्टेन्सिल वापरतो. वारली आकृतीत कंबर म्हणजे दोन त्रिकोणांची टोके भिडतात तो एकच बिंदू. स्टेन्सिलच्या पत्र्यात तो बिंदू कापायचा तर सुईच्या टोकाएवढे भोक पडते. पहिल्या दहा छापांत ते रंगाने बुजते आणि माणूस कमरेत तुटतो. म्हणून भोक मोठे करतात, मग माणूस डमरूऐवजी डब्यासारखा दिसतो. हातपायांच्या रेघा अगदी बारीक कापल्या तर त्याही बुजतात, म्हणून त्याही फुगवतात. अंबाडा, बोटे, बैलाच्या शिंगांचा बाक हे सगळे पहिल्याच फेरीत वगळले जाते. संगणकावरून छापलेल्या कापडात कंबर नीट असते, पण तिथे एकच नाचणारी बाई बत्तीस वेळा चिकटवलेली असते, पाय त्याच कोनात, डोके त्याच कलाने. हाताने काढलेल्या रांगेत दोन माणसे कधीच तंतोतंत सारखी नसतात.

सगळ्यात जास्त फसतो तो तारप्याचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याच्या तालावरचा नाच. नकलेत तो कंपास फिरवल्यासारखा बंद गोल असतो आणि तारपा वाजवणारा मध्ये शोभेला ठेवलेला. खऱ्या नाचात रांग तारपकऱ्याच्या मागोमाग जाते, एकमेकांच्या कमरेला हात घालून. तो वळेल तशी वळते आणि गुंडाळी उघडत-मिटत राहते. तारप्याकडे पाठ करत नाहीत. म्हणून चित्रातही रांगेला एक मोकळे टोक असते. ते टोक जिथे मिटवले आहे तिथे काढणाऱ्याने नाच पाहिलेला नाही. आणि चेहऱ्यावर हसरे तोंड व दोन डोळे काढलेले असतील तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

आता कायदा यात काय करतो? वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळालेला आहे, पण त्यातून बरेच जण भलतीच अपेक्षा करतात. भौगोलिक निर्देशांकाचा १९९९ चा कायदा नावाचे रक्षण करतो, नक्षीचे नाही. नोंदणीत दिलेल्या भागाबाहेर छापलेला माल 'अस्सल वारली चित्र' म्हणून कोणी विकला तर कारवाईला जागा आहे. तेच त्रिकोण छापून 'एथनिक प्रिंट' असे लेबल लावले तर कायद्याचा हात तिथे पोहोचत नाही. शिवाय दाद मागायची तर नोंदणीचा मालक किंवा अधिकृत वापरकर्ताच पुढे यावा लागतो. २०२५ साली एका इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिलानच्या रॅम्पवर आणल्या तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते कोल्हापुरी चपलेच्या निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक नव्हते.

कॉपीराइट कायदा वेगळा चालतो. म्हसे यांचे एखादे विशिष्ट चित्र परवानगीशिवाय छापता येत नाही. मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०७८ अखेरपर्यंत हक्क वारसांकडे आहे. पण त्यांच्या शैलीत काढायला कोणालाही मोकळीक आहे. शैलीवर मालकी नसते आणि ते योग्यच आहे, नाहीतर पुढचा चित्रकार जन्माला कसा येणार? कायद्यातला खरा सापळा वेगळाच आहे. चित्रकाराने आपले डिझाइन कापडवाल्याला वापरायला दिले, डिझाइन कायद्याखाली त्याची नोंदणी केली नाही आणि कारखान्यात त्याच्या ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा हक्क संपतो. पाड्यावरच्या चित्रकाराला हे कोण सांगणार? कापडवाला तर नक्कीच नाही.

म्हणजे बाजारात कायद्याचा आधार तोकडा आहे. मग सगळा जोर जिथे खरोखर अट घालता येते तिथे लावावा, आणि ती जागा म्हणजे सरकारी निविदा.

'सौंदर्यीकरणा'चे काम निघते तेव्हा चित्रकलेची बाब रंगकामातच घुसडलेली असते. निविदेत मागच्या वर्षांची उलाढाल, अनामत रक्कम, अशाच कामाच्या अनुभवाचा दाखला हे सगळे मागतात. गंजाडचा चित्रकार यातले काय देणार? काम ठेकेदाराला जाते, ठेकेदार गावाकडून आलेल्या रंगाऱ्यांना मोबाइलवर फोटो दाखवतो. मोजमाप चौरस फुटात होते, एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, क्षेत्रफळाची नोंद होते आणि तेवढ्याचे बिल निघते. या एका पद्धतीने चित्राचा जीव जातो. वारली चित्राची ताकद दाटीत आहे. एका हातभर जागेत पेरणी, शिकार, लग्न आणि भांडण एकत्र नांदते. चौरस फुटाचा दर म्हटला की दाटी म्हणजे तोटा. मग सहा फुटी माणूस काढायचा, मध्ये भरपूर गेरू सोडायचा आणि पुढचा खांब धरायचा. वारली चित्र पुसट आणि बाळबोध दिसू लागले ते या हिशेबामुळे.

उपाय अवघड नाही. कामाचे दोन भाग करावेत. भिंत घासणे, भेगा बुजवणे, ओल असेल तर आधी ती थांबवणे, प्राइमर आणि बाहेरच्या भिंतीसाठीचा गेरूरंगी इमल्शन दोन हात, हे ठेकेदाराचे, चौरस फुटावर. बाहेरच्या सिमेंटच्या भिंतीवर खराखुरा गेरू लावायचा हट्ट करू नये. त्याची भुकटी सुटते आणि वर काढलेली पांढरी रेघ पहिल्याच पावसाळ्यात सोबत घेऊन जाते. चित्राचा भाग वेगळा ठेवावा आणि तो एकरकमी मानधनावर किंवा दिवसाच्या हिशेबावर, आधी कागदावर कच्चे चित्र मंजूर करून द्यावा. डहाणू आणि जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. चित्रकारांची यादी मागवायला एवढी दारे पुरेशी आहेत. उलाढालीची अट या भागाला लावूच नये.

जागाही नीट निवडावी. उड्डाणपुलाचा खांब हे वारली चित्राचे ठिकाणच नाही. धावत्या गाडीतून दाटी दिसत नाही, नुसते पांढरे डाग दिसतात. लोक जिथे थांबतात तिथे हे चित्र खुलते, म्हणजे फलाटावरचा बाक, जिल्हा रुग्णालयाची बाह्यरुग्ण रांग, दस्तनोंदणीचे कार्यालय, एसटी स्टँड. तासभर बसलेला माणूस कोपऱ्यातला कोल्हा शोधून काढतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. कला कोणाच्या जातीची नसते, मग फक्त वारल्यांनीच का? शाळेत मुलांनी जरूर काढावे, कॉलेजच्या भिंतीवर विद्यार्थ्यांनी काढावे, हौशी गृहिणींनी कुंड्या रंगवाव्यात. त्याने कोणाचे नुकसान होत नाही, उलट डोळा तयार होतो. मागणी आहे ती सरकारी पैसे देऊन घेतलेल्या कामापुरती. पैठणीच्या नावाने सरकारने यंत्रमागावरचे कापड खरेदी केले तर येवल्यात काय होईल, याचा विचार करावा. दुसरा आक्षेप परंपरावाद्यांचा. वारल्यांनी पूर्वीसारखेच काढावे, गाड्या-मोबाइल काढू नयेत. हा तर सरळ आगाऊपणा आहे. पालघर जिल्ह्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, डहाणूजवळ वाढवणला सुमारे ७६,२०० कोटींच्या बंदराला २०२४ साली मंजुरी मिळाली. त्या जमिनीवर राहणाऱ्या चित्रकाराने क्रेन आणि मोजणीची साखळी काढू नये आणि फक्त विहिरीवरच्या बायका काढाव्यात, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मंजूर करताना अधिकाऱ्याने 'वादग्रस्त विषय नको' म्हणून कात्री चालवली तर वरची सगळी पद्धत फुकट.

बायकांचा प्रश्न मात्र निविदेने आपोआप सुटणार नाही. यादीत त्यांची नावे कमी असतात, कारण यादी विकणाऱ्यांची असते. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी आजही पाड्यांवर आहेत. गटाने काम देताना निम्म्या स्त्रिया अशी अट घातली आणि मुक्कामाची, स्वच्छतागृहाची सोय अंदाजपत्रकातच धरली, तर त्या येतील. ती सोय न धरता 'बायका येतच नाहीत' असा शेरा मारणे सोपे असते.

उरली सही. चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, त्याच पांढऱ्या रंगात, वाचता येईल अशा अक्षरांत चित्रकारांची नावे आणि पाडा लिहावा, आणि त्यांची इच्छा असेल तर फोन नंबरही. पुढचे काम त्यांना ठेकेदाराशिवाय मिळायचे तर हीच वाट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपले नाव लावून घेणे हा त्यांचा हक्कच आहे, पण हक्क कागदावर असतो आणि रंगारी निघून गेलेला असतो. म्हणून कोपऱ्यातल्या सहीचा फोटो एमबीला जोडल्याशिवाय शेवटचे बिल काढू नये, एवढी एक ओळ निविदेच्या अटींत घालावी.